ताबुताच्या खिडक्या

भायखळा, मुंबई
१४ सप्टेंबर १९८३

गुलशन, तुला आणि घरच्या सगळ्यांना सलाम.

दाजी काल सुखरूप पोचले असतील. आज मी मीटरच्या वर्कशॉपातून अर्धी सुट्टी टाकली आणि रिपोर्ट आणायला गेलो. तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधी तेच सांगतो. रिपोर्ट साफ आहे. गाठ परत आलेली नाही.

डॉ. सबनीसांनी मला खुर्ची देऊन बसवलं. म्हणाले, नाकाच्या पार वर, जिथल्या नसांनी आपल्याला वास कळतो, तिथली ही गाठ. लाखांत एखाद्याला होते. फेब्रुवारीत ऑपरेशनने काढली, मग किरणांची लाईट दिली, पण ही परत यायची फार खोड असलेली जात आहे. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासायचं. बाहेरून आरशाने बघून भागत नाही, कारण ती परत आली तर आत, मेंदूच्या पडद्याखाली येते. तिथलं फक्त त्या नव्या यंत्रालाच दिसतं.

यंत्राचं दाजी सांगतीलच. डोकं आत घालून निजवतात आणि ते काकडीच्या चकत्या कराव्यात तशा डोक्याच्या चकत्यांचे फोटो काढतं. दाजी बाहेर येऊन म्हणाले, "नसीर, डोकं आत गेलं तसंच बाहेर आलं, तुझ्या बहिणीची निराशा होणार." मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या फोटोंच्या प्लेटी दाजी कालच घेऊन गेलेत. टाईप केलेला रिपोर्ट आज मिळाला, तो सोबत पाठवतो. खरी गोष्ट हा कागद. याच्यावर डॉक्टरांची सही आहे. नीट जपून ठेव. मार्चमध्ये पुन्हा यायचं आहे, तेव्हा लागेल.

खालांना, तुझ्या सासूबाईंना, माझा सलाम सांग. त्यांची दुवा कामी आली म्हणावं.

तुझा भाऊ
नसीर


पौड
२० ऑक्टोबर १९८३

नसीरभाई, सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी आणि ईद एकदमच आली म्हण ना. तो कागद मी यांच्याकडून तीन वेळा वाचून घेतला. मला वाचता येत नाही म्हणून नव्हे, यांच्या तोंडून ऐकायचा होता म्हणून. मग त्याला प्लॅस्टिकचं पाकीट शिवलं आणि ट्रंकेत निकाहनाम्याच्या खाली ठेवला. निकाहनाम्यापेक्षा आता त्याचीच किंमत जास्त, असं हे म्हणतात.

यांचं बरं आहे. दुकानात बसतात. सुकट-बोंबलाच्या दुकानदाराला वास येत नाही यावर सगळ्या पौडाने थट्टा करून झाली. आठवतं ना, पहिल्यांदा सुकटीचा वास येईनासा झाला तेव्हा मीच म्हटलं होतं, "सुटलात एकदाचे!" माझ्या जिभेला हाड नाही. आता हे वास घ्यायला मला हाक मारतात. पोत्यात ओल लागलीय का ते मी नाक घालून सांगायचं. लग्नात कबूल केलं नव्हतं ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

आता मोहरमचं सांगते. सासूबाईंनी ऑपरेशनच्या वेळी नवस बोलला होता, मला आत्ता कळलं. प्लेट साफ आली तर ताबुताच्या खिडक्या आपल्या घरच्या. तुला माहीत आहे, इथला ताबूत कोंडाजी बुरूड बांधतो आणि पहिला खांदा हैबतराव पाटलांचा. खिडक्यांना नेहमी रंगीत कागद असतो आणि आत दिवा लावला की तो करपतो. कोंडाजीच सासूबाईंना म्हणाला, "कमरबी, फोटूची प्लेट गरम सोड्यात धुतली की काचंवानी हुती. न्हाई करपत." सासूबाईंनी लगेच प्लेटी काढून दिल्या. म्हणाल्या, "रोगाचा फोटू घरात ठिवू न्हाई. इमामाच्या पायाशी जाऊ दे, पाण्यात जाऊ दे."

हे म्हणाले, "अम्मा, माझं डोकं मिरवायचं म्हणतेस तर मिरव." मीच पाणी तापवलं. काळं सगळं धुऊन गेलं, भाई, डोळे, कवटी, सगळं. खाली स्वच्छ पारदर्शक पान. त्याला कोंडाजीने हिरवा आणि लाल रंग दिला. आत दिवा लागला तेव्हा काय सांगू, असा ताबूत पौडाने बघितला नव्हता. हे मला हळूच म्हणाले, "त्या हिरव्या खिडकीत मी आहे." दहाव्या दिवशी खिडक्यांसकट मुळा नदीत बुडवून थंड केला. सासूबाई काठावर उभ्या राहून रडल्या, पण बरं वाटून. मीही रडले. आमचं दोघींचं एका वेळी एका कारणासाठी रडणं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल.

आमची छोटी शाहजादी तुझ्याबद्दल फार विचारते. मार्चमध्ये हे येतील तेव्हा तिला धाडू का?

तुझी
गुलशन


भायखळा, मुंबई
१७ मार्च १९८४

गुलशन, सलाम.

दाजी आणखी थोडे दिवस माझ्याकडे राहतील, म्हणून हे पत्र आधी टाकतो. मी काय लिहितोय ते त्यांना माहीत आहे. समोरच बसलेत.

यंत्रातून फोटो निघाले. यावेळी वर एका जागी सावली दिसतेय. घाबरू नकोस, आधी पुढचं वाच. डॉक्टर म्हणाले, ही सावली दोन कारणांनी दिसू शकते. ऑपरेशनची जखम भरताना आत जे कडक मांस तयार होतं त्याचीही अशीच दिसते, आणि नव्या गाठीचीही अशीच. मागच्या प्लेटीत ती तितकीच असेल तर जखम. मागे नसेल किंवा लहान असेल तर गाठ. मग ते म्हणाले, "जुन्या प्लेटी द्या, शेजारी लावून बघू."

दाजींनी पिशवीतून तू शिवलेलं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हा नको हो. 'गाठ दिसत नाही' एवढ्या तीन शब्दांवरून मी दोन सावल्या कशा ताडून बघू? मला चित्र हवं."

दाजी म्हणाले, "साहेब, त्या पाण्यात गेल्या."

डॉक्टरांना वाटलं पूरबीर आला असेल. दाजी म्हणाले, "पूर न्हाई. आमीच सोडल्या." मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, गुलशन. रागावले असते तर बरं झालं असतं. कागद घडी घालून परत दिला. मग फोन करून यंत्रवाल्यांना विचारलं, तर त्यांच्या टेपेवर केव्हाच दुसऱ्यांचे फोटो चढलेत.

तुकडा काढून तपासायचा तर मेंदूच्या पडद्याला धक्का लागतो. नुसत्या संशयावर मोठं ऑपरेशन करायचं तर आधीच लाईट दिलेली जागा, ती भरून येईल याची खात्री नाही. म्हणून थांबायचं. जूनमध्ये पुन्हा फोटो, आणि आजच्या प्लेटींशी ताडून बघायचं. आजच्या मी माझ्याकडेच ठेवल्या आहेत.

तुझं मोहरमचं पत्र मी वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. माझ्याही डोक्यात तेव्हा काही आलं नाही. कागदच खरा, असं मीच तुला लिहिलं होतं.

नसीर


पौड
२३ मार्च १९८४

नसीरभाई,

हे काल आले. जेवले, दुकानाची कडी काढली आणि जणू काही झालंच नाही असे बसले. सासूबाईंना एवढंच सांगितलंय की जूनमध्ये आणखी एकदा फोटो काढायचा आहे. त्या म्हणाल्या, "काडू द्या की. मागल्या बारीला साफ आला, आता बी येईल."

भाई, मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. लोकांच्या सासवा बोलून जीव घेतात, हिने नवस बोलून घेतला. असं लिहू नये, मला कळतं. पण मला कुठेतरी लिहायला हवं, नाहीतर मी तोंडावर बोलेन. पाणी मी तापवलं, हेही खरं आहे. मला तेही आठवतं आणि त्याचा रागही मी तिच्यावरच काढते. काल तिने मला चहा करून दिला तर मी तो गार होऊ दिला.

रात्री यांना म्हटलं, "अम्मांना सांगते." तर आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्यावर ओरडले. "माझी शपथ आहे," म्हणाले. "जखमेचीच सावली असेल तर त्या म्हातारीला उगाच कशाला मारायचं?"

आणि नसली तर, हे मी विचारलं नाही.

जून यायला किती वेळ आहे. हवाही जागची हलत नाही.

गुलशन


पौड
२ जुलै १९८४

प्रिय नसीर,

हे पत्र गुलशनला न दाखवता टाकतोय. पत्ता माझ्या अक्षरात बघून तुला नवल वाटलं असेल. मी निकाहनाम्यानंतर फारसं काही लिहिलेलं नाही.

परवा तुला बाहेर पाठवून मी डॉक्टरांना एकट्याने विचारलं. तू बाहेर पंख्याखाली उभा राहून ऐकत होतास हे मला माहीत आहे, तुझे पाय दिसत होते. म्हणून आता लपवाछपवी नको. ती गाठच आहे. मार्चच्या प्लेटीशेजारी जूनची लावली तेव्हा मला अडाण्यालासुद्धा दिसलं. डोळ्याच्या खोबणीत उतरलीय आणि वर पडद्याच्या आत गेलीय. आता कापता येत नाही. मी विचारलं, "मार्चमध्ये कळलं असतं तर?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तर मी कापलं असतं." भला माणूस. खोटं बोलायला त्यांना काय लागलं असतं?

डावा डोळा पुढे आलाय. एकाची दोन दिसतात. गिऱ्हाइकाला मूठभर सुकट दिली की मला वाटतं ओंजळभर दिली, आणि जीव कळवळतो.

मला जायची भीती वाटते, नसीर. शाहजादी लहान आहे. दुपारी सगळी निजली की मी एकटाच दुकानात बसून रडतो आणि नाकाचं दुखणं आहे म्हणून कुणाला संशय येत नाही. पण एवढं तुलाच सांगितलं.

आता कामाचं. अम्माला हे कळता कामा नये. ती माझ्यासाठी अनवाणी नवसाला फिरली. तिने मला जगवायला जे केलं त्यानेच मी गेलो, हे तिला कळलं तर ती उरलेलं आयुष्य कसं काढेल? गुलशनच्या पोटात राग आहे. मी असेपर्यंत ती बोलणार नाही, शपथ घातलीय. नंतरचं तू बघ. ती तुझं ऐकते.

तुझा
युनूस


पौड
१२ नोव्हेंबर १९८४

नसीरभाई,

हे गेल्यावर चाळिसाव्याला तू आलास, त्यानंतर मी पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुकान मी उघडते. वास घ्यायला माणूस लागत नाही आता, मीच आहे.

आजचं पत्र माझं नाही. सासूबाई सांगतायत आणि मी लिहितेय. त्यांनी मला शपथ घातलीय की एकही शब्द बदलायचा नाही, म्हणून त्या बोलतात तसंच लिहिते.

"नसीर, तुला कमरबीचा सलाम. हितं सगळं बरं हाय, असं लिवायचं असतंय म्हनून लिवते. परवा मी दवाखान्यात गेलती, गुडघ्याला. तितं रंभाबाई तिच्या नातवाचा हात मोडला म्हनून बसलीती. कंपाउंडर तिला म्हनला, आजी, जुना फोटू टाकू नका, डाक्टर नव्याला जुना लावून बघत्यात, त्याबिगर त्येंना कळत न्हाई. मी त्ये आयकलं आनि औशिद न घेताच घरी आले.

"नसीर, युनूसच्या फोटूचं बी तसंच व्हतं का? मला कुणी सांगत न्हाई. गुलशन सांगत न्हाई. ती माज्याशी चांगली वागतीया, म्हंजे कायतरी हाय. तू डाक्टरला जाऊन इचार. म्हनावं, त्येच्या आयनं प्लेटी पाण्यात सोडल्या, त्या असत्या तर पोरगा वाचला असता का. काय म्हनत्यात त्ये लिव. मी म्हातारी हाय, मला खरं आयकायला काय हुतंय. मला खरं कळू दे."

एवढंच. खाली त्यांचा अंगठा आहे, त्यांनीच शाई मागितली.

आता माझे चार शब्द. यांनी तुला पत्र लिहिलं होतं हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी टपालवाल्याने मला विचारलं, "आज दुसरं पाकीट न्हाई का?" काय लिहिलं असेल तेही मला कळतं. पण भाई, आता विचारणारी त्यांची आईच आहे. तुला जे योग्य वाटेल ते लिही. उत्तर आलं की वाचून मीच दाखवणार.

गुलशन


भायखळा, मुंबई
२१ नोव्हेंबर १९८४

गुलशन, सलाम.

मी डॉक्टरांकडे गेलो. खालांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारला. त्यांनी मला दोन्ही वेळच्या प्लेटी उजेडावर लावून दाखवल्या. म्हणाले, जुनी असती तर मार्चमध्ये शंका राहिली नसती. तेव्हा गाठ पडद्याबाहेर होती. ऑपरेशन केलं असतं. वाचलाच असता अशी हमी कुणी देणार नाही, या गाठीचा भरवसा नाही, पण संधी होती, आणि ती चांगली होती.

मग म्हणाले, "त्यांच्या आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आई नाही."

गुलशन, दाजींनी मला सांगितलं होतं की खालांना हे कधी कळू द्यायचं नाही. मी हो म्हटलं होतं. आणि खाला म्हणतात, मला खरं कळू दे. मी दोन पत्रं लिहून फाडली. मेलेल्या माणसाचा शब्द मोडवत नाही आणि जिवंत बाईला कागदावर खोटं लिहून पाठवायला माझा हात धजत नाही. म्हणून जसं घडलं तसं वर लिहिलं आहे. मी भित्रा आहे, हे ओझं तुझ्या गळ्यात घालतोय. तुला जे वाचायचं ते वाच.

नसीर


पौड
३० नोव्हेंबर १९८४

नसीरभाई, सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. टपालवाल्याने सासूबाईंच्या हातात दिलं, त्यामुळे मला आधी एकटीने वाचायला मिळालं नाही. त्यांनी ते पदराखाली धरून ठेवलं, मी दुकान बंद करून येईपर्यंत. मग बोंबिलांनी भरलेलं सूप पुढ्यात घेऊन बसल्या, निवडायला, आणि म्हणाल्या, "वाच आता. काय सोडू नगंस."

तुला खरं सांगते. मी खरंच वाचायचं ठरवलं होतं. मार्चपासून मी या एका क्षणाची वाट बघत होते. हे गेले त्या दिवशी मय्यत उचलली तेव्हासुद्धा मनात आलं होतं, एक दिवस हिला कळेल. दुसऱ्याच्या तोंडून कळेल, माझी शपथही मोडणार नाही. तो दिवस माझ्या हातात आयता आला होता.

मी पत्र उघडलं. तुझं पहिलं वाक्य वाचलं, "मी डॉक्टरांकडे गेलो." सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान थोडी खाली घातली, मार बसणार हे माहीत असलेलं लेकरू घालतं तशी. मला एकदम दिसलं, भाई, हे यांचंच तोंड. मार्चमध्ये मुंबईहून आले तेव्हा दारात असेच उभे राहिले होते.

माझं तोंड आपोआप बोलायला लागलं. मी वाचलं, "डॉक्टर म्हणाले, प्लेटी असत्या तरी काही उपयोग झाला नसता. ती गाठ आधीच आत गेली होती. देवाच्या दारची वेळ कुणाला चुकत नाही." डॉक्टर असं कधी बोलतील का? पण मी बोलले, आणि खाली तुझं नाव वाचलं.

सासूबाईंनी चार बोंबील निवडले. मग म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

भाई, कागदावर ते नव्हतंच! मी पुन्हा सुरुवात केली. "डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही. गाठच वाईट होती. प्लेटी असत्या तरी..." एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आदी दोष म्हनली न्हवतीस," म्हणाल्या.

कागद माझ्या हातात होता आणि तो लपवायला मला जागा नव्हती. माझ्यापासून दोन हातांवर त्या बसलेल्या. वाचता येत नसलं तरी कान शाबूत आहेत त्यांचे. नवसाचे शब्द, कुराणाच्या आयता, उधारीवाल्यांची नावं, सगळं त्या असंच ऐकून पाठ ठेवतात. मला वाटलं, आता त्या कागद मागतील आणि उद्या मास्तरांकडे नेतील. वाटलं की आता रडतील, ऊर बडवतील. मी मनात म्हणाले, या अल्ला, मी केवढं काय करून बसले.

त्या रडल्या नाहीत. सुपावरची मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी मला सून म्हणून आणल्यापासून कधी बघितलं नव्हतं. हात पुसला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"पोरी," म्हणाल्या, "त्या कागदावर काय हाय त्ये आता मला नगं. पयल्यांदा वाचलंस त्येच वाच."

मी वाचलं, भाई. पहिलं होतं तेच, एकही शब्द न चुकवता. माझा आवाज मधेच फुटला तेव्हा त्या थांबल्या, आणि मी पुन्हा बोलायला लागेपर्यंत हात तसाच ठेवून बसल्या. देवाच्या दारची वेळ म्हणून झालं, तुझं नावही वाचून झालं. मग त्या उठल्या आणि सूप आत नेऊन ठेवलं.

गुलशन